कुलकर्णी हे आडनाव कोठून आले?

साक्षरता वर्गात येणारा माणूस पहिल्याने काय लिहायला शिकतो? आपले नाव. आधी स्वतःचे, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि शेवटी आडनाव. स्वतःच्या नावाची अक्षरे लवकर वळणावर येतात. आडनावाशी मात्र पुष्कळ जण थबकतात आणि विचारतात, "हे आडनाव आम्हांला पडलं तरी कसं?"

प्रश्न चांगला आहे. आडनावे काही आभाळातून पडली नाहीत. ती माणसांनीच दिली. कोणाला गावावरून आडनाव मिळाले. पेणचा तो पेणकर, साताऱ्याचा तो सातारकर. कोणाला धंद्यावरून मिळाले. सुतार, लोहार, कुंभार, तांबोळी ही आडनावे वाचली की हातातले काम डोळ्यांपुढे उभे राहते. इंग्रज लोकांत स्मिथ हे आडनाव घरोघर आढळते. त्याचा अर्थ लोहारच! आणि कोणाला आडनाव मिळाले ते हुद्द्यावरून. पाटील, देशमुख, चौगुले, कुलकर्णी ही त्यांतली.

या धड्यात आपण कुलकर्णी हे एकच आडनाव घेऊ. तेच का? कारण ते लेखणीतून जन्मले आहे. तुम्ही आता लेखणी हाती धरली आहे. तेव्हा ज्याच्या हाती पूर्वी गावाची लेखणी होती, त्याची हकिगत तुम्हांला ठाऊक असावी असे आम्हांला वाटते.

शब्दाचा अर्थ

कुलकर्णी हा शब्द दोन शब्द जोडून झाला आहे. पहिला शब्द कुळ. कुळ म्हणजे जमीन कसून सारा भरणारे घर. कूळकायद्यातले 'कूळ' आपण ऐकतो, तेच हे. दुसरा शब्द करण. जुन्या भाषेत करण म्हणजे लेख, दस्तऐवज. लेख लिहिणारा तो करणिक किंवा करणी. कुळांचा हिशेब लिहितो तो कुळकर्णी. आजही कोणी कुलकर्णी लिहितात, कोणी कुळकर्णी. दोन्ही एकच.

असा लिहिणारा माणूस आपल्याच मुलखात होता असे नाही. सारा वसूल करायचा म्हटला की लिहिणारा हवाच. म्हणून प्रत्येक प्रांतात तो होता. नाव फक्त वेगळे. तेलुगू मुलखात त्याला कर्णम म्हणत. म्हैसूरकडे शानभोग म्हणत. गुजरातेत तलाटी, उत्तरेत पटवारी आणि वऱ्हाडात पांड्या. काम एकच, नावे अनेक. यांतली काही नावे पुढे आडनावे झाली. आज पटवारी, पांडे, शानभाग अशी आडनावे तुम्ही ऐकता, तेव्हा समजावे की या घरांपैकी पुष्कळांच्या पूर्वजांनी कधी काळी गावाचे किंवा परगण्याचे दप्तर लिहिले आहे.

कुलकर्णी काय करीत असे?

जुन्या काळी गावाचा कारभार दोघांवर चाले. एक पाटील, दुसरा कुलकर्णी. पाटील बोले, कुलकर्णी लिही. पाटलाने सारा गोळा करावा, कुलकर्ण्याने तो कीर्दीत मांडावा. कोणाकडे किती जमीन आहे, कोणते पीक आहे, कोणी किती भरले, कोणाकडे किती बाकी आहे, हे सगळे त्याच्या दप्तरात असे. दप्तर म्हणजे काय? कापडात गुंडाळून बांधलेले कागद. त्या कापडावरून कागदांच्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणत. बोरूची लेखणी, दौतीतली काळी शाई आणि मोडी लिपी. मोडी भराभर लिहिता येते. हात फारसा उचलावा लागत नाही. पण ज्याला ती येत नाही त्याला त्यातले एक अक्षर लागत नाही.

गावात भांडण झाले, बांधावरून तंटा झाला, तर पंच बसत. पंचांचा निवाडाही कुलकर्णीच लिही. खाली साक्षी करायच्या. साक्ष करणाऱ्याला लिहिता आले नाही तर तो निशाणी करी. निशाणी म्हणजे आपल्या कामाच्या हत्याराचे छोटे चित्र. पाटलाची निशाणी नांगर. जुन्या कागदांवर नांगराची अशी चित्रे आजही पाहायला मिळतात. पुढे इंग्रजी अमलात चित्राच्या जागी अंगठा आला.

या कामाबद्दल कुलकर्ण्याला पगार नसे. त्याला इनाम जमीन मिळे आणि गावच्या उत्पन्नात ठरलेला हक्क मिळे. हे काम बापाकडून मुलाकडे जाई. अशा वंशपरंपरेच्या कामाला आणि हक्काला वतन म्हणत. लोहाराचे वतन होते, सुताराचे होते, महाराचे होते, पाटलाचे होते, तसेच कुलकर्ण्याचे.

हे वतन फार जुने आहे. ज्ञानेश्वरांचे घराणे पैठणजवळच्या आपेगावचे. त्या घराण्याकडे आपेगावचे कुलकर्णीपण होते. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही गावोगाव कुलकर्णी होते. पुढे राजे बदलले. यादव गेले, बहामनी आले. विजापूरची आदिलशाही आली, अहमदनगरची निजामशाही आली. राजदरबारची भाषा फारसी झाली. तरी गावचे दप्तर गावच्याच भाषेत राहिले. दिल्लीत किंवा विजापुरात कोणीही गादीवर बसो, गावातून सारा येतो किती, हे सांगणारा कुलकर्णीच होता. म्हणून कोणत्याही राजाने त्याला हलवले नाही.

हुद्द्याचे आडनाव झाले

पूर्वी आज आहेत तशी ठरीव आडनावे सर्वांना नव्हती. कागदावर माणसाचे नाव, बापाचे नाव आणि गाव लिहिले की भागे. कुलकर्ण्याच्या नावापुढे हुद्दा लागे. अमुक पंत, कुलकर्णी, मौजे तमुक. मौजे म्हणजे गाव.

पुष्कळ कुलकर्णी घरांना मूळचे वेगळे उपनाव असे. समर्थ रामदासांचे घराणे जांब गावचे कुलकर्णी, पण त्यांचे उपनाव ठोसर. हळूहळू काही घरांत हुद्दाच जवळचा वाटू लागला आणि उपनाव मागे पडले. काही घरांत उलट झाले. गाव सोडून गेलेल्या भावाने गावाच्या नावापुढे कर जोडला आणि तेच आडनाव लावले. म्हणून एकाच मूळ पुरुषाच्या वंशात एक घर कुलकर्णी आणि दुसरे घर अमुककर, असे आढळते.

इंग्रजी अमलात शाळा, कचेऱ्या आणि कोर्टे वाढली. शाळेच्या दाखल्यावर आडनाव हवे, नोकरीच्या अर्जावर हवे. एकदा कागदावर जे चढले, ते कायम झाले. बाप लिहिण्याचे काम करीत होता म्हणून कुलकर्णी, आणि मुलगा ते काम करीत नसला तरी कुलकर्णी.

सगळे कुलकर्णी एकाच घरचे का?

नव्हे. ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. जेथे गाव तेथे कुलकर्णी. गावे हजारो, म्हणून कुलकर्णी घराणीही हजारो. दोन कुलकर्णी भेटले तर त्यांची गोत्रे निराळी असतील, कुलदैवते निराळी असतील, आणि एकमेकांशी काडीचेही नाते नसेल. दोन पाटील जसे नात्याचे असतातच असे नाही, तसेच हे.

जातही एकच नाही. देशावर हे काम बहुतेक देशस्थ ब्राह्मणांकडे होते. कोकणात काही ठिकाणी ते चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंकडे होते. गोव्यात गावकरी संस्थेचा हिशेब लिहिणाऱ्याला कुळकर्णी म्हणत, आणि तेथे ते काम सारस्वतांकडेही असे. कर्नाटकात लिंगायत समाजातही कुलकर्णी आडनाव आहे. म्हणून आडनाव ऐकून माणसाचे कूळ ओळखू जाऊ नये. आडनाव एवढेच सांगते, की या घरात कोणे एके काळी गावाचे दप्तर होते.

कुलकर्णी गावाबाहेर पडले

दप्तर एक आणि भाऊ चार. मग काय करायचे? काही ठिकाणी भाऊ पाळीपाळीने काम करीत. या वर्षी थोरल्याची पाळी, पुढच्या वर्षी दुसऱ्याची. इनाम जमिनीचे तुकडे होत. असे करता करता पोट भरेनासे झाले की एखादा भाऊ दौत-लेखणी घेऊन बाहेर पडे.

त्याला बाहेर काम मिळे. मराठ्यांचे राज्य पसरत गेले, तसे लिहिणारे लोक हवे होते. लढाई शिपायाने जिंकावी, पण मुलखाचा हिशेब कारकुनाने लिहावा लागतो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. तेथे मराठी लोक गेले आणि राहिले. बडोद्याला गायकवाड, इंदूरला होळकर, ग्वाल्हेरला शिंदे, नागपूरला भोसले. या सर्व ठिकाणी मराठी कारकून गेले. आज त्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत.

तंजावरकडे एक गंमत झाली. तेथल्या मराठी लोकांत आडनावे मागे पडली आणि नावापुढे राव लावायची चाल राहिली. ते लोक घरात मराठी बोलतात, पण त्यांपैकी पुष्कळांच्या नावावरून जुने काम आता ओळखता येत नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरकडे मात्र आडनावे टिकली.

घर तेथेच, सीमा हलली

आता दुसरी गोष्ट पाहा. बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट या भागांत कुलकर्णी आडनावाची पुष्कळ घरे आहेत. त्यांतले कितीतरी लोक घरात कानडी बोलतात. मग हे महाराष्ट्रातून तिकडे गेले काय?

काही गेले असतील. पण बहुतेकांना कोठे जावेच लागले नाही. हा मुलूख आदिलशाहीत एकाच कारभाराखाली होता. पुढे पेशवाईत आला. त्यानंतर मुंबई इलाख्यात आला. त्यामुळे कृष्णेच्या अलीकडे आणि पलीकडे गावच्या लेखकाला एकच नाव होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेप्रमाणे प्रांतांची फेररचना झाली. हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. त्या राज्याचेच नाव १९७३ साली कर्नाटक झाले. घरे होती तेथेच राहिली, सीमा मात्र हलली. मराठीतले थोर कथाकार जी. ए. कुलकर्णी (१९२३ ते १९८७) यांचे आयुष्य पुष्कळसे धारवाडात गेले. तेथे राहून त्यांनी मराठीत कथा लिहिल्या. एकच आडनाव दोन भाषांच्या घरांत सुखाने नांदते, हे यावरून दिसेल.

लेखणीची सत्ता

आतापर्यंत आम्ही कुलकर्ण्याचे काम सांगितले. आता त्या कामातून काय निपजले तेही सांगितले पाहिजे. गोड तेवढेच सांगितले तर धडा अपुरा राहील.

समजा, गावात शंभर घरे आहेत. शंभरांत एकालाच वाचता येते. शेतकरी विचारतो, "अण्णा, माज्या नावावर काय लिवलंय?" अण्णा सांगतील ते खरे. अण्णा प्रामाणिक असतील तर गावाचे भले. नसतील तर? बाकी दहा रुपयांची वीस झाली तरी शेतकऱ्याला कळणार कसे? कागद त्याच्यापुढेच असतो. पण त्याला तो काळ्या मुंग्यांची रांग दिसतो. पुष्कळ कुलकर्णी सचोटीचे होते. काहींनी दुष्काळात गावाची बाजू सरकारापुढे मांडली. पण एका माणसाच्या चांगुलपणावर शंभर घरांचे नशीब टांगून ठेवणे, ही रीतच वाईट.

लिहिण्याचे काम काही जातींपुरते राहिले आणि बाकीच्यांना शाळेचे दार बंद राहिले. शूद्र म्हणवलेल्यांनी, अस्पृश्य म्हणवलेल्यांनी आणि सर्व जातींच्या बायकांनी शिकायचे नाही, अशी रूढी होती. मग लेखणी हाती येणार कोठून? महात्मा जोतीराव फुले यांनी हे दुखणे अचूक ओळखले. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक लिहून पुरे केले. अडाणी शेतकरी भट-कुलकर्णी, सावकार आणि कचेरीतले कामगार यांच्या हातून कसा नाडला जातो, हे त्यांनी त्यात मांडले. पुढे १९१३ साली सत्यशोधक लेखक मुकुंदराव पाटील यांनी 'कुलकर्णी लीलामृत' नावाचे काव्यच लिहिले. त्यात कुलकर्ण्यांच्या लबाड्यांचे वाभाडे काढले आहेत.

कागद वाचता येत नसला की माणूस काय करतो, हे १८७५ साली दिसले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत पसरले. शेतकऱ्यांनी सावकारांकडे मागितले काय? कर्जरोखे. जेथे मिळाले तेथे ते जाळले. माणसांना फारशी इजा केली नाही. त्यांचा राग कागदावर होता. मग सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याचा दस्त नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे लिहिला गेला पाहिजे, असे त्यात ठरले.

कायदा आला. पण वाचणारा अजून दुसराच होता. कागद जाळून कागदाची सत्ता जात नाही. तो वाचता आला म्हणजे जाते.

वतन कसे गेले?

कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी हे ओळखले. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, त्यांनी कुलकर्णी वतन बंद केले आणि पगारी तलाठी नेमले. तलाठ्याचे काम ब्राह्मणेतरांना मिळाले, अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या तरुणांनाही मिळाले. हा क्रम ध्यानात ठेवा. एकीकडे पोरांच्या हाती पाटी दिली, दुसरीकडे दप्तर सर्वांना मोकळे केले.

मुंबई इलाख्यातही हळूहळू कुलकर्ण्यांच्या जागी तलाठी येऊ लागले. स्वराज्य आल्यावर सरकारने परगणा आणि कुलकर्णी वतने नाहीशी करणारा कायदा १९५० साली केला. १ मे १९५१ पासून तो अमलात आला. अनेक शतकांचे काम कायद्याने संपले. पाटलांचेही तसेच झाले. महसूल पाटलाचे वंशपरंपरेचे पद १९६२ च्या कायद्याने गेले. हुद्दे गेले, आडनावे राहिली.

गाव सुटले

कुलकर्णी घरे गाव सोडून शहरात का गेली, याची कारणे एकाहून अधिक आहेत.

पहिले कारण शिक्षण. या घरांत अक्षर आधीपासून होते. त्यामुळे इंग्रजी शाळा निघाल्या तेव्हा त्यांची मुले लवकर तेथे गेली. १८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी धावली. पुढे ती देशभर पसरली. शिकलेला मुलगा पुण्याला, मुंबईला गेला. कारकून झाला, मास्तर झाला, वकील झाला.

दुसरे कारण १९४८ सालचे. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींचा खून झाला. खून करणारा ब्राह्मण होता. त्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंच्या पुष्कळ गावांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. ज्यांचा त्या पापाशी काही संबंध नव्हता, अशांचे संसार उघड्यावर पडले. काही घरांतून दप्तरांचे जुने रुमालही आगीत गेले. एका माणसाच्या गुन्ह्याची शिक्षा त्याच्या जातभाईंना देणे हा न्याय नव्हे. जात पाहून शाळेबाहेर ठेवणे जसे वाईट, तसेच जात पाहून घर जाळणेही वाईट. त्या वेळी गाव सोडलेली कितीतरी कुटुंबे परत आली नाहीत.

तिसरे कारण कूळकायदा. १९४८ साली मुंबई राज्यात नवा कायदा झाला. पुढे त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. स्वतः न कसणाऱ्यांची जमीन गेली. त्यात सर्व जातींचे जमीनदार होते, कुलकर्णीही होते. गावात ना दप्तर राहिले, ना शेत. मग राहायचे कशासाठी?

म्हणून आज पुष्कळ गावांत कुलकर्ण्यांचा वाडा आहे, पण कुलकर्णी नाहीत. कोठे पडक्या भिंती आहेत, कोठे दुसऱ्याच कोणाचा संसार आहे. तरी जत्रेला, कुलदैवताला दोन-तीन पिढ्यांनंतरची माणसे येतात आणि विचारतात, "आमचं घर कोठे होतं हो?" ही माणसे पुण्याची असतात, बंगळूरची असतात, परदेशात स्थायिक झालेलीही असतात. त्यांच्यात डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, बसचे वाहक आहेत, दुकानदार आहेत. गावाचे दप्तर कोणीच लिहीत नाही. अशा माणसाला गावाने हसून घर दाखवावे. त्यानेही वतनदार म्हणून मिरवू नये, गावकरी म्हणून बसावे, चहा घ्यावा.

आता दप्तर कोणाचे?

कुलकर्ण्याचे काम नंतर तलाठ्याकडे आले. आता सरकारी कागदावर तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ही नोकरी आहे, वतन नव्हे. परीक्षा देऊन कोणाच्याही घरचा मुलगा किंवा मुलगी ती मिळवू शकते.

तुमच्या जमिनीची नोंद सातबारावर असते. सात आणि बारा हे गावच्या नमुन्यांचे आकडे आहेत. सात नंबरच्या नमुन्यात जमीन कोणाची ते असते. बारा नंबरच्या नमुन्यात पीक कोणते ते असते. जमीन विकली, वाटणी झाली किंवा वारस लागले, की फेरफाराची नोंद होते. ती कायम होण्याआधी नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. नोटीस वाचली नाही तर मुदत निघून जाते. बायांनो, वारसाच्या नोंदीत तुमचे नाव आहे की नाही, हे तुम्ही स्वतः पाहा. "भाऊंनी सांगितलं म्हणून अंगठा दिला," असे म्हणायची पाळी येऊ देऊ नका.

आणखी एक. आपले नाव आणि आडनाव सगळ्या कागदांवर एकसारखे लिहा. सातबारावर कुळकर्णी, शिधापत्रिकेवर कुलकर्णी आणि बँकेत तिसरेच, असे झाले की खेटे घालावे लागतात. हे कुलकर्ण्यांनाच नव्हे, सर्वांनाच लागू आहे.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. ती पुढे राज्यभर पसरली. गावोगाव मोठी माणसे कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसली. जे काम पूर्वी गावात एका घराचे होते, ते अशा वर्गांनी घरोघर नेले. तुमचा वर्ग त्याच वाटेवरचा आहे.

कुळाचा हिशेब लिहितो तो कुलकर्णी, असा अर्थ आपण वर पाहिला. मग तुम्ही आज आपल्या घराचा जमाखर्च वहीत मांडलात, आपल्या शेताचा उतारा स्वतः वाचलात, तर तुमचे आडनाव जाधव असो, कांबळे असो, शेख असो की पवार असो, ते काम तुम्ही हाती घेतले. आडनाव बदलायचे कारण नाही. अंगठ्याची शाई मात्र आता पुसून टाका.

प्रश्न

१. कुळ आणि करण या शब्दांचे अर्थ काय?
२. लिहिता न येणारा माणूस पूर्वी साक्ष कशी करीत असे?
३. धारवाडकडे कुलकर्णी आडनावाची घरे पुष्कळ का आहेत?
४. सुप्याच्या शेतकऱ्यांनी कर्जरोखे का जाळले? त्यांना वाचता येत असते तर त्यांनी काय केले असते?
५. शाहू महाराजांनी १९१७ आणि १९१८ साली काय केले?

हे करून पाहा

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा, आपले आडनाव कशावरून पडले? गावावरून, धंद्यावरून की हुद्द्यावरून? आपले घर या गावात कोठून आले? ते जे सांगतील ते पाच ओळींत वहीत लिहा. खाली तारीख घाला आणि सही करा.